रंगवेडा डॉक्टर : पॉल एर्लिख
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आमच्या घरात औषधांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातील बहुतेक औषधे माझ्या आत्याची. आत्या आमच्याकडे राहायला आली त्याला आता आठ वर्षे झाली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले आणि नाकावरून ते एकमेकांना जाऊन मिळाले. बोटांचे सांधे सुजले, केस मूठमूठ गळू लागले. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले, ती कायमचीच. गावात कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले बाहेरचे आहे, आणि मागच्या जन्मीचे पाप तर सगळ्यांनाच दिसले. दोन वर्षे या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडल्यावर शहरातील एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून रोगाचे नाव सांगितले : ल्युपस. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच या रोगात शरीरावर उलटतात, असे त्यांनी समजावून सांगितले. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी एक गोळी देताना औषधाच्या दुकानातील माणूस सहज बोलून गेला की ही तर हिवतापाची गोळी. झाले! आत्याला हिवताप नव्हता. डॉक्टरीणबाईंची काहीतरी गफलत झाली, असे वडिलांनी ठरवले. आत्याने महिनाभर ती गोळी घेतलीच नाही, आणि त्या महिन्यात तिचे दुखणे इतके वाढले की तिला हाताने घास उचलवेना.

तेव्हा मी शाळेत होते. आता कॉलेजात आले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे जगातील कोणताही उलगडा मला करता येईल अशी घरच्यांची भाबडी समजूत आहे. वास्तविक माझे विषय इतिहास आणि मराठी. शास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही आत्याचे दोन प्रश्न मनातून जात नव्हते. आपलेच शरीर आपल्यावर का उलटते? आणि हिवतापाची गोळी या रोगावर कशी चालते? ग्रंथालयात बसून या दोन प्रश्नांचा माग काढता काढता मी एकाच माणसापाशी येऊन पोहोचले. हा माणूस १९१५ साली वारला. ल्युपसवर त्याने कधी काम केले नाही. उलट, शरीर स्वतःचा घात करीत नाही, हा नियम पुढे अर्धशतक त्याच्याच नावाने सांगितला जात होता. त्याचे नाव पॉल एर्लिख. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला जमेल तशी त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवते.

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मन राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. घरचा धंदा मद्य गाळण्याचा आणि खाणावळीचा. आजोबांना मात्र शास्त्राचा नाद होता आणि त्यांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह जमवला होता. आईच्या माहेरचे एक नातलग कार्ल वायगर्ट हे रोगनिदानशास्त्रातील नामांकित संशोधक होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे नमुने रंगवण्याचा छंद पॉलला त्यांच्यामुळेच लागला.

शाळेत पॉल फार चमकला असे नाही. परीक्षा म्हटली की त्याच्या पोटात गोळा येई. शेवटच्या परीक्षेत जीवन हे एक स्वप्न आहे अशा आशयाच्या विषयावर निबंध लिहायचा होता. इतर मुलांनी काव्य लिहिले. पॉलने लिहिले की जीवन म्हणजे पेशींत चाललेले ज्वलन आणि स्वप्न म्हणजे मेंदूत उमटणारी एक प्रकारची चमक. परीक्षक संतापले आणि पॉल कसाबसा पास झाला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. आपल्यापैकी ज्यांना निबंधात कमी गुण पडतात त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पण त्यासाठी पॉलने पुढे केली तेवढी मेहनतही करावी, हे ओघाने आलेच.

त्या काळी जर्मनीत कृत्रिम रंगांचे मोठमोठे कारखाने निघत होते. कापडासाठी तयार होणारे हे रंग वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी शरीराच्या पातळ कापांवर टाकून पाहायला सुरुवात केली होती. पॉल एर्लिख ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग अशा विद्यापीठांत शिकले. बोटे, सदऱ्याच्या बाह्या, टेबल, सगळे निळे-जांभळे झालेले असे. एकदा ब्रेस्लाउच्या प्रयोगशाळेत आलेल्या रॉबर्ट कॉख यांना कोपऱ्यातील हा विद्यार्थी दाखवण्यात आला. रंगवण्यात तो पटाईत आहे, पण परीक्षा काही पास व्हायचा नाही, अशी त्याची ओळख करून दिली गेली, असे सांगतात. तरी १८७८ मध्ये लाइपझिग येथे ते डॉक्टर झाले. त्यांचा प्रबंधही रंगांवरच होता.

त्यांना एका साध्या गोष्टीचे कोडे पडले होते. एक रंग एका पेशीला चढतो, शेजारच्या पेशीला का चढत नाही? कापडावर सांडलेला रंग सगळीकडे सारखा पसरतो. शरीराच्या कापावर टाकलेला रंग मात्र आपली जागा निवडून तिथेच चिकटतो. म्हणजे त्या पेशीत त्या रंगाला धरून ठेवणारे काहीतरी असले पाहिजे. कुलपात किल्ली बसावी तसा एक पदार्थ दुसऱ्यात बसतो, या कल्पनेने त्यांना जे झपाटले ते जन्मभर. रक्तातील पांढऱ्या पेशी एकाच प्रकारच्या नसतात, त्यांच्या वेगवेगळ्या जाती असतात, हे त्यांनी रंगांच्याच साहाय्याने दाखवले. आज रक्ततपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींची जी जातवार टक्केवारी येते तिचा पाया एर्लिख यांनी घातला.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. एर्लिख त्या सभेत होते. ते तडक आपल्या प्रयोगशाळेत गेले आणि ते जंतू अधिक स्पष्ट दिसतील अशी रंगवण्याची रीत त्यांनी शोधून काढली. पुढे काही वर्षांनी त्याच रीतीने त्यांना स्वतःच्याच थुंकीत क्षयाचे जंतू दिसले. नुकतेच कुठे संसाराला लागलेले, पत्नी हेडविग आणि दोन लहान मुली पदरात. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले, तिथे राहून बरे झाले आणि १८८९ मध्ये बर्लिनला परतले. हाताशी नोकरी नव्हती. त्यांनी लहानशी खाजगी प्रयोगशाळा थाटली, आणि १८९१ मध्ये कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले.

या काळात त्यांनी जे प्रयोग केले त्यांतील दोन वस्तू आपल्या रानातल्या आहेत. एक एरंडाचे बी आणि दुसरी गुंज. दोन्हींच्या बियांत जहाल विष असते. एर्लिख यांनी ते विष उंदरांना अगदी थोड्या मात्रेपासून देत हळूहळू वाढवत नेले. काही आठवड्यांनी एरवी मरण आणणारी मात्राही उंदीर पचवू लागले. त्यांच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारा पदार्थ तयार झाला होता. एरंडाच्या विषाला पुरून उरलेला उंदीर गुंजेच्या विषाने मात्र मरे. एका किल्लीचे कुलूप दुसऱ्या किल्लीने उघडत नाही! आई-उंदरीण आपले हे संरक्षण दुधावाटे पिलांना देते, हेही त्यांनी दाखवले. रक्तातील अशा पदार्थांना आपण आज प्रतिपिंडे म्हणतो. घटसर्पाने तेव्हा घरोघरची मुले गुदमरून मरत असत. बेरिंग यांनी त्यावर रक्तरसाचे औषध शोधले होते. पण त्याची ताकद कधी कमी तर कधी जास्त भरे. ती अचूक मोजण्याची रीत एर्लिख यांनी घालून दिली, तेव्हा कुठे ते औषध भरवशाचे झाले.

१८९७ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकारांचे बाहू असतात. एखादे विष त्यांपैकी ज्या बाहूत नेमके बसते तो बाहू निकामी होतो. पेशी त्याची भरपाई करते, आणि ती गरजेपेक्षा जास्त करते. जास्तीचे बाहू सुटून रक्तात येतात. हीच प्रतिपिंडे. यातील तपशील पुढे चुकीचे ठरले. पण पेशीच्या अंगावर आधीपासूनच कुलपे असतात आणि योग्य किल्ली आली की तीच कुलपे मोठ्या संख्येने बनतात, हा गाभा आजही टिकून आहे.

मग एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला. बाहेरचे विष ओळखणारे बाहू शरीरात आधीपासून असतील, तर स्वतःचे रक्त, स्वतःचे मांस ओळखणारे बाहूही असणारच. मग शरीर स्वतःलाच का मारीत नाही? माझ्या आत्याचा प्रश्न तो हाच, पण उलट्या बाजूने विचारलेला.

एर्लिख यांनी उत्तर शोधले ते बकऱ्यांच्या रक्तात. १८९९ मध्ये फ्रँकफुर्टला त्यांच्यासाठी नवी संस्था उभी राहिली होती. तिथे सहकारी मॉर्गेनरोट यांच्यासह त्यांनी एका बकरीचे रक्त दुसरीला टोचले. टोचून घेतलेल्या बकरीच्या अंगात अशी प्रतिपिंडे तयार झाली की ती इतर बकऱ्यांच्या तांबड्या पेशी फोडून टाकीत. पण ज्या बकरीच्या अंगात ती तयार झाली तिच्या स्वतःच्या तांबड्या पेशींना ती शिवतही नसत. पुन्हा पुन्हा करून पाहिले तरी तेच. दुसऱ्याचे रक्त मारणारी प्रतिपिंडे मिळत, स्वतःचे रक्त मारणारी कधीच नाही. शरीराला स्वतःवर विष घालण्याची जणू भीती वाटते, असा निष्कर्ष १९०१ च्या सुमारास त्यांनी काढला आणि त्याला लॅटिनमध्ये नाव दिले : हॉरर ऑटोटॉक्सिकस.

नाव भारदस्त होते. ते लोकांच्या लक्षात राहिले, आणि त्याखाली एर्लिख यांनी काय लिहिले होते ते विसरले गेले. असा घात होणे अशक्य आहे असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. असा घात होऊ नये म्हणून शरीराजवळ काही आतली बंदोबस्ताची व्यवस्था असावी, असे त्यांचे मत होते. आणि ही व्यवस्था बिघडल्याने काही रोग होत असतील, तेव्हा पुढील संशोधकांनी त्या दिशेनेही पाहावे, असेही त्यांनी सुचवले होते. पण मोठ्या माणसाचे अर्धेच वाक्य कानावर घेऊन त्याचा नियम करून टाकण्याची खोड सगळीकडे सारखीच दिसते. १९०४ मध्येच व्हिएन्नाच्या डोनाट आणि लँडस्टायनर यांनी थंडी लागली की स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड काही रुग्णांत दाखवून दिले. तरीही तो अपवाद समजून बाजूला ठेवला गेला आणि नियम तसाच राहिला.

एर्लिख स्वतः तोवर दुसऱ्या कामात बुडून गेले होते. जंतूला जाऊन चिकटेल पण माणसाला अपाय करणार नाही असा रासायनिक पदार्थ शोधून काढायचा, ही त्यांची जुनी आस. लक्ष्य आपणच ओळखून तिथेच लागणारी जादूची गोळी, असे ते तिला म्हणत. १८९१ मध्ये त्यांनी गुटमान यांच्यासह हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलिन ब्लू हा निळा रंग दिला होता. हिवतापाच्या जंतूंना हा रंग चढतो, तर तो त्यांना मारीलही, असा हिशेब होता. रुग्णांना गुण आला. पण प्रयोगासाठी हिवताप झालेले प्राणी बर्लिनमध्ये मिळेनात, म्हणून ते काम तिथेच थांबले. या निळ्या रंगाकडे आपण शेवटी परत येऊ.

१९०६ मध्ये फ्रांझिस्का श्पायर या विधवा बाईंनी पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून त्यांच्यासाठी दुसरी संस्था उभी राहिली. तिथे आर्सेनिकपासून बनवलेले शेकडो पदार्थ एकामागून एक तपासले गेले. ६०६ क्रमांकाचा पदार्थ एकदा तपासून टाकून दिला होता. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी तो उपदंश झालेल्या सशांवर पुन्हा करून पाहिला आणि त्यांची व्रणे भरून आली. त्याआधी उपदंशावर मुख्य इलाज पाऱ्याचाच होता आणि पाऱ्याने दात पडत, लाळ गळे. १९१० मध्ये नवे औषध साल्व्हारसान नावाने जगापुढे आले. बाजारात आणण्यापूर्वी एर्लिख यांनी त्याच्या सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना फुकट वाटल्या आणि गुणदोषांच्या बारीकसारीक नोंदी मागवल्या. त्यापूर्वीच, १९०८ मध्ये, प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी मेचनिकॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते.

ते राहत कसे? जेवणाचे भान नसे. बगलेत चिरूटांची पेटी असे आणि दिवसभर कडक चिरूट चालत. सहकाऱ्यांनी आज काय करायचे ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून पाठवीत. कागद हाताशी नसला तर सदऱ्याच्या बाहीवर, टेबलावर, मिळेल त्यावर लिहीत. कीर्तीबरोबर किटाळही आले. उपदंशासारख्या रोगावर औषध काढणारा हा माणूस अनीतीला उत्तेजन देतो, असे काहींनी म्हटले. त्यांनी पैशासाठी रुग्णांचे हाल केले असेही छापले गेले, आणि ज्यू असल्याबद्दलची कुत्सित बोलणी तर होतीच. १९१४ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयात बदनामीचा खटला उभा राहिला. त्यात आरोप करणाऱ्याला शिक्षा झाली, पण एर्लिख मनाने थकले. तोवर पहिले महायुद्ध पेटले होते. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९३३ नंतर नाझी राजवटीने फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी काढून टाकली. वृद्ध पत्नीला देश सोडावा लागला. युद्धानंतर पाटी परत लागली, आणि युरो येण्यापूर्वी जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचाच चेहरा होता.

चरित्र इथे संपले असते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्यामागे चालतच राहिला.

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्हज यांना ल्युपसच्या रुग्णांच्या मगजात एक विचित्र पेशी दिसली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळले होते. १९५७ च्या सुमारास निरनिराळ्या ठिकाणी आढळले की ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात पेशीच्या केंद्रकातील डीएनएवर चालून जाणारी प्रतिपिंडे असतात. डीएनए तर प्रत्येक पेशीत असते. म्हणजे शत्रू घरोघर! म्हणूनच ल्युपस कधी सांध्यात, कधी कातडीत तर कधी मूत्रपिंडात दिसतो. त्याच सुमारास अमेरिकेतच बफेलो येथे नोएल रोझ या तरुणाने एका सशाच्या अवटू ग्रंथीचा अर्क त्याच सशाला टोचला. सशाने स्वतःच्याच ग्रंथीवर प्रतिपिंडे सोडली. रोझ यांचे गुरू व्हिटेब्स्की हे जर्मनीतून आलेले, एर्लिख यांच्याच शिष्यपरंपरेतले. त्यांचा या निकालावर विश्वास बसेना. अनेकदा प्रयोग करवून घेतल्यावरच, १९५६ मध्ये, त्यांनी तो प्रसिद्ध केला. परंपरेतल्या माणसानेच परंपरेचा गैरसमज दूर केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आज काय कळले आहे ते मला समजले तसे सांगते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. त्या हाडांच्या पोकळीतील मगजात जन्मतात. प्रत्येक बी पेशी आपल्या अंगावरचे कुलूप स्वतःच तयार करते, आणि तेही जनुकांचे तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसून. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला ठाऊक नसते, म्हणून ते सगळ्याच आकारांची कुलपे करून ठेवते. पण अशा पिसण्यात स्वतःच्याच शरीराला बसणारी कुलपेही तयार होतात. किती? न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २००३ मध्ये मोजले, तेव्हा निरोगी माणसाच्या मगजातील अगदी कोवळ्या बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशी स्वतःलाच ओळखणाऱ्या निघाल्या. निम्म्याहून अधिक! म्हणजे तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच अंगात, अगदी आज सकाळीसुद्धा, घरच्यांवर उलटू शकणारे शिपाई जन्मले आहेत.

मग आपण वाचतो कसे? एर्लिख यांनी म्हटलेला आतला बंदोबस्त तो हाच. मगजातच अशा पेशीला कुलूप बदलण्याची संधी मिळते. बदलता आले नाही तर तिला मरावे लागते, किंवा ती मुकी होऊन पडते. तिथून निसटली तर बाहेर रक्तात आणि प्लीहेत दुसरी चौकी असते. या दोन्ही चौक्या ओलांडून आलेल्या पेशींत स्वतःला ओळखणाऱ्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्याच उरतात, आणि त्याही एरवी गप्प असतात. शिवाय प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी पेशींची एक वेगळी जातच शरीरात असते. या पेशींच्या शोधाबद्दल ब्रुन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एर्लिख यांच्या वाक्याचा विसरलेला अर्धा भाग सव्वाशे वर्षांनी असा सन्मान पावला.

ल्युपसमध्ये या चौक्या ढिल्या पडतात. त्याच न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २००५ मध्ये ल्युपसच्या काही रुग्णांत मोजले, तेव्हा चौक्या ओलांडून आलेल्या पेशींपैकी २५ ते ५० टक्के स्वतःला ओळखणाऱ्या होत्या. पण नुसत्या त्या असून भागत नाही, त्यांना कोणीतरी चेतवावे लागते. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा केर लगेच उचलला जातो. हा केर उचलायला रक्तातील एक पदार्थसमूह मदत करतो. त्याला एर्लिख यांनीच पूरक असे नाव दिले होते. आत्याच्या तपासणीच्या कागदावर सी-३, सी-४ असे लिहिलेले असते, ते या पूरकाचेच भाग. या समूहातील सी-१क्यू नावाचा घटक जन्मतःच नसलेल्या बहुतेकांना ल्युपस होतो. केर साचला की मेलेल्या पेशींचे डीएनए आणि आरएनए उघड्यावर पडते. स्वतःला ओळखणारी बी पेशी ते धरून आत ओढते. पेशीच्या आत विषाणूंचे आरएनए ओळखणारा एक पहारेकरी असतो, टीएलआर-७ नावाचा. आपल्याच आरएनएला तो विषाणू समजतो आणि हाकाटी करतो. मग मुकी पेशी जागी होते, तिची संख्या वाढते आणि प्रतिपिंडांचा पूर येतो. या पहारेकऱ्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांना एक्स गुणसूत्रे दोन असतात. त्यांतील एक बंद असते, पण हे जनुक कधी कधी बंद गुणसूत्रावरही चालू राहते. ल्युपसच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्यामागील एक कारण हे असावे असे मानतात. ऊन, जंतुसंसर्ग, अनुवंश यांचाही यात वाटा आहे. नजरेचा आणि मागच्या जन्मीच्या पापाचा उल्लेख मात्र मला कुठेच सापडला नाही. हा रोग शिवल्याने होत नाही, हेही इथे सांगून ठेवते, कारण आमच्या गावात पुष्कळ दिवस आत्याच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते.

आता तो निळा रंग. एर्लिख यांच्या मृत्यूनंतर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मेथिलिन ब्लूच्या रेणूपासूनच सुरुवात करून हिवतापावर नवनवी औषधे तयार केली. त्या वाटेवर मेपाक्रिन आले, १९३४ मध्ये क्लोरोक्विन आले आणि पुढे त्याचेच सौम्य भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आले. १९५१ मध्ये इंग्लंडमधील एका डॉक्टरांनी ल्युपसच्या रुग्णांना मेपाक्रिन दिल्यावर चट्टे कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. आज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरील मुख्य औषध आहे. टीएलआर-७ हा पहारेकरी पेशीच्या ज्या कप्प्यात बसतो तिथे जाऊन ते त्याची हाकाटी मंद करते. आत्याने महिनाभर डब्यात तशीच ठेवलेली गोळी ती हीच. दुकानदार खोटे बोलला नव्हता आणि डॉक्टरीणबाईही चुकल्या नव्हत्या. मधली हकिकत सांगणारे आमच्या घरात कोणी नव्हते, एवढेच.

२०२२ मध्ये जर्मनीतीलच एर्लांगेन येथे ल्युपसच्या पाच रुग्णांवर नवा उपचार झाला. त्यांच्याच टी पेशी बाहेर काढून बी पेशी नेमक्या ओळखून मारतील अशा घडवल्या आणि परत अंगात सोडल्या. पाचही जणांचा रोग ओसरला. लक्ष्य ओळखून तिथेच लागणारी गोळी, जणू एर्लिख यांचेच स्वप्न! तो उपचार आमच्यासारख्यांच्या आवाक्यात केव्हा येईल ते येवो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हे सगळे आत्याला सांगितले. चुलीपाशी बसून ती ऐकत होती. बकऱ्यांची गोष्ट तिला फार आवडली. सगळ्यांच्याच अंगात असे शिपाई रोज जन्मतात, हे मी दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. रात्री जेवण झाल्यावर तिने डबा उघडला, गोळी घेतली आणि डबा फळीवर ठेवताना मला एवढेच विचारले की त्या निळ्या रंगाच्या डॉक्टरांचे नाव काय होते. मी नाव सांगितले. तिला ते नीट म्हणता येईना, म्हणून मी ते डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने खडूने लिहून ठेवले आहे.